बापाला सहा, आईला त्रेपन्न

बुधवारी संध्याकाळी विरार फास्टमध्ये माझी हक्काची खिडकी गेली, आणि गेली ती नेमकी गौरवाच्या चौथ्या रहस्यात. रोझरी, म्हणजे आमची जपमाळ, म्हणताना येशू आणि त्याची आई मारिया यांच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाचं मनन करायचं; त्या प्रसंगाला रहस्य म्हणतात. गौरवाचं चौथं रहस्य म्हणजे मारियेचं स्वर्गोन्नयन. ती सदेह स्वर्गात घेतली गेली, आणि त्याच वेळी माझ्यासमोर उभे असलेले काका सदेह खिडकीत घेतले गेले. वास्तविक कायदा स्पष्ट आहे. खिडकीवाला उठला की मधल्याने आत सरकायचं, तिसऱ्याने मधे यायचं, चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून लटकणाऱ्याला पूर्ण मांडी मिळणार आणि उभा माणूस त्याच्या जागी लटकणार. हा कायदा कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो पाळला जातो. काकांनी तो माझ्या गुडघ्यांवरून ओलांडला.

आता कुणी म्हणेल, डोळे मिटून प्रार्थना करायला ट्रेनच सापडली का? हो, ट्रेनच. आमच्याकडे वसईच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या दर आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या दर उपवासकाळात प्रवचनाला एक वाक्य ठरलेलं असतं: ‘धकाधकीच्या जीवनातून देवासाठी वेळ काढा.’ काढा म्हणजे कुठून काढा, ते सांगत नाहीत. फार तर तीन दिवसांच्या रिट्रीटचा, म्हणजे एकांतातल्या प्रार्थना-शिबिराचा, कागद हातात देतात, ज्यात शांतता, झाडं, साधं जेवण आणि शुक्रवारची रजा असं सगळं असतं. त्यातली पहिली तीन ते देतात. चौथी आपण आणायची.

गंमत अशी की चर्चच्या जुन्या प्रार्थना बनल्याच मुळी वेळ नसलेल्यांसाठी. मठातले संन्यासी दीडशे स्तोत्रं म्हणत. शेतावरच्या माणसाला ना वाचता येत होतं ना तेवढी फुरसत होती, म्हणून त्याने दीडशे स्तोत्रांऐवजी दीडशे वेळा ‘नमो मारिया’ म्हणायचं, अशी रोझरी रुजली. सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजणारी आंजेलसची घंटा हीसुद्धा हातातलं काम जागच्या जागी थांबवून दोन मिनिटांत म्हणायची प्रार्थना. त्यासाठी केळीच्या वाडीतून कुणी घरी जात नसे. आणि येशूसंघ (जेझुइट) या संन्याशांच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी तर आपल्या येशूसंघीयांना इतरांसारखं दिवसातून अनेकदा एकत्र जमून स्तोत्रगायन करण्यापासून मोकळं ठेवलं, कारण त्यांना गावोगाव फिरून कामं करायची होती. त्याऐवजी दुपारी आणि रात्री स्वतःची झडती घ्या म्हणाले. 1548 साली पोपनी मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’त या झडतीचे पाच टप्पे दिलेत.

हे पाच टप्पे चर्चगेट ते अंधेरी असे बरोबर बसतात. मुंबई सेंट्रलपर्यंत आभार. तिथून दादरपर्यंत, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रकाशाची मागणी; हा टप्पा छोटा आहे, पण दादरच्या चढणाऱ्यांआधी थोडी मोकळी जागा राहिलेली बरी. दादर ते वांद्रे, उठल्यापासून आत्तापर्यंतचा तासातासाचा हिशेब. वांद्र्यानंतर क्षमायाचना, आणि अंधेरीच्या आत उद्याचा निर्धार. आभार पहिले का, याचं कारण व्यवहारी आहे. हिशेब आधी काढला तर साहेबापासून सुरुवात होते आणि साहेबावरच संपते; आभाराची पाळीच येत नाही.

आभार मानताना बहुतेकांची चूक एकच: ठोक आभार. ‘आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल, सर्वच गोष्टींबद्दल.’ ठोक आभार अर्ध्या मिनिटात संपतात आणि मरीन लाइन्सला डोळा लागतो. आभार किरकोळीत मानावेत. डब्यातली वालाची भाजी पिशवीत सांडली नाही. सकाळी दारात लटकताना कुणीतरी न सांगता माझी बॅग आत घेऊन रॅकवर सरकवली. तो माणूस कोण होता माहीत नाही, पण त्याचं मनगट आठवतं. असे तीन-चार जिन्नस पुरतात. दहाच्या वर गेलात तर आभार कमी आणि यादी जास्त होते.

शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट या निमित्ताने आम्हाला नेहमी ऐकवतात. दहा बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे ज्यूंच्या लेखी परका. उरलेल्या नऊ जणांची बाजू कुणी घेत नाही. अहो, येशूनेच त्यांना सांगितलं होतं की जाऊन स्वतःला याजकांना दाखवा. बरा झाल्याचा निर्वाळा याजकाकडूनच मिळायचा. ते नऊ जण कृतघ्न वगैरे काही नव्हते, सर्टिफिकेटच्या रांगेत होते. विरार लाइनवर राहणाऱ्याला हे लगेच समजतं.

इग्नेशियसची आणखी एक सूचना आहे: ठरवलेला दोष हातून घडला की तत्क्षणी छातीवर हात ठेवावा, चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात न येता करता येतं. सोळाव्या शतकात येत असेल. विरार फास्टमध्ये एकाने छातीवर हात नेला की आजूबाजूचे सहा जण आपापलं पाकीट चाचपतात.

तर काका दादरला चढले. साठीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, हातात डब्याची पिशवी. माझा हिशेब साडेदहाच्या मीटिंगपर्यंत आला होता.

‘कुठे?’

म्हणजे उतरणार कुठे. मी डोळे न उघडता वसई म्हटलं. त्यांनी एक सुस्कारा सोडला, पण जागा सोडली नाही. अंधेरीनंतर मी रोझरी सुरू केली. माळ मी ट्रेनमध्ये बाहेर काढत नाही. तारेच्या कड्यांची माळ कुणाच्याही बॅगेच्या चेनमध्ये अडकते, कडी उघडते आणि दहा मण्यांचं एक दशक भलत्याच माणसाबरोबर भाईंदरला उतरून जातं. गाठी मारलेल्या दोऱ्याची माळ जास्त टिकते, दहा खुंट्यांची अंगठी त्याहून बरी. पण सगळ्यात सोयीची आपली बोटं.

‘व्याज काढताय का, भाऊ?’

‘नाही काका. रोझरी. जपमाळ.’

‘अस्सं! किती मणी?’

‘एकोणसाठ.’

‘आमचे एकशे आठ,’ काका आजूबाजूच्यांना उद्देशून म्हणाले. ‘एकोणसाठ कसे? हिशेब लागत नाही.’

मी सांगितलं. दहाची पाच दशकं, म्हणजे पन्नास. सुरुवातीला श्रद्धा, आशा, प्रीतीसाठी तीन. हे त्रेपन्न लहान मणी ‘नमो मारिया’चे. आणि सहा मोठे, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’चे.

काकांनी मनात बेरीज केली. ‘म्हणजे बापाला सहा आणि आईला त्रेपन्न.’ थोडं थांबून म्हणाले, ‘बरोबर आहे. घरोघरी तेच.’

चौथ्या सीटवरचा हसला. मला हसायचं नव्हतं, कारण मी दुसऱ्या रहस्यात होतो. काकांना रहस्यंही हवी होती. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली.

‘वाढवली? भाडं वाढवतात तशी?’

‘सक्ती नाही, काका.’

‘सुरुवातीला नसतेच. पण तुम्ही मोजताय चुकीचं. दोन हात कशाला गुंतवता? पडलात तर धरणार कशाने?’ आणि त्यांनी माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. ‘अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू. मग तिचंच खालचं. मग करंगळीची तीन पेरं खालून वर. मग अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, आणि तर्जनीची तीन वरून खाली. किती झाले?’

दहा झाले. नेमके दहा.

‘याला करमाला म्हणतात. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना शिवायचं नाही. तुमचं दशक आमच्या एका हातात बसतं बघा.’

मान्य करायला जड जातं, पण ही पद्धत उत्तम आहे. अंगठा फिरतो, दुसरा हात दांडीला मोकळा राहतो, आकडा मनात ठेवावा लागत नाही. तोटा एकच: सवय होईपर्यंत नजर बोटांवर खिळवावी लागते. तिसरं रहस्य झालं, चौथं लागलं, मी करंगळीच्या टोकावर होतो. बोरिवली आलं. खिडकीवाला उठला (विरार फास्टमध्ये बोरिवलीकराने चढावं का, हा वेगळा लेख होईल) आणि मान वर करेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हवेची खिडकी होती.

स्वर्गोन्नयनाबद्दल एक गोष्ट जाता जाता. त्याचा सण 15 ऑगस्टला येतो, त्यामुळे चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाण्यासाठी रजेचा अर्ज करावा लागत नाही. आभारांच्या यादीत मी तो दरवर्षी धरतो.

पण यादीत काय धरू नये, हेही कुणीतरी एकदा सांगायला हवं. बायबलमध्ये प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहितो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ हे वचन हल्ली आमच्या तोंडावर फार फेकलं जातं. गर्दीत आहात? नोकरी आहे म्हणून आभार माना. उभे आहात? पाय आहेत म्हणून आभार माना. पौलाने जे लिहिलं ते स्वतः फटके आणि तुरुंग सोसलेल्या माणसाने लिहिलं. फलाटावरच्या माणसाला वातानुकूलित गाडीतून पाठवलेलं ते पत्र नव्हतं. गाड्या कमी आहेत हे देवाचं दान नाही. गाडी आणि फलाट यांच्यातल्या फटीत माणूस पडतो, हीही दैवी योजना नाही. सर्व स्थितीत आभार मानायचे, पण म्हणून त्या स्थितीला जबाबदार असणाऱ्यांना पावती का फाडून द्यायची? कृतज्ञतेच्या वहीत रोज तीन ओळी लिहा, असं सांगणाऱ्या हसतमुख लोकांना एकदा सकाळी वसईहून चढायला लावावं. वही राहू दे, पेन हातात राहिलं तरी पुष्कळ.

पाचवं रहस्य मी तसंच पुरं केलं. मोजणी चुकली असं वाटलं तर मागे जाऊन पुन्हा म्हणू नये, पुढे जावं. मागे जाणाऱ्याची रोझरी विरार कारशेडपर्यंत संपत नाही. भाईंदरच्या पुढे खाडी लागली. काकांनी खिडकीतून हात जोडले, एक नाणं फेकलं आणि वाऱ्याने प्रसन्न होऊन माझ्याकडे वळले.

‘झाली माळ?’

‘झाली.’

‘त्याआधी दादरपासून डोळे मिटून काय चाललं होतं?’

मी पाच टप्पे सांगितले. आभार, प्रकाश, हिशेब, क्षमा, निर्धार. काकांना ते मनापासून आवडले. त्यांनी बोटांवर पुन्हा एकदा मोजूनही घेतले.

‘मग आज आमचं नाव आलं की नाही? एवढी करमाला शिकवली तुम्हाला.’

‘आलं ना, काका. चौथ्या टप्प्यात.’

‘चौथा म्हणजे पहिल्याच्या वरचा का?’

मी हो म्हटलं आणि उठलो. नायगाव आलं होतं, आणि वसईला उतरायचं तर नायगावलाच दाराशी पोचावं लागतं.