खोपोली हे नाव कोणत्याही छावणीवरून पडलेले नाही

गेल्या आठवड्यात दादरहून मावशीचा फोन आला. तिचे सगळे बालपण खोपोलीत, नाना फडणवीसांच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर गेले. वयाच्या ७८ व्या वर्षी ती मला विचारत होती, "अगं, आपलं खोपोली म्हणजे मुळात इंग्रजांची छावणी होती का? आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही." तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'खोपोलीचा दडवलेला इतिहास' असा निनावी मजकूर आला होता, आणि दोन दिवसांत तोच मला आणखी तिघांकडून मिळाला. त्यात म्हटले आहे की रेल्वेच्या कामासाठी इंग्रजांनी येथे 'कॅम्प' टाकला, त्याचे 'कॅम्पूली' आणि पुढे 'खोपोली' झाले. त्याआधी येथे निव्वळ जंगल होते. मोजणी चुकल्यामुळे रेल्वे घाटाच्या पायथ्याशीच अडकली. मार्ग खरे तर टाटांच्या वीजघरासाठी टाकला होता. आणि डायनामाइटने डोंगर फोडून घाटाचे काम एका इंग्रज बाईने एकटीने पुरे केले, कारण आपले मजूर काम टाकून पळून गेले होते.

नावाचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे आणि लोकांच्या मनात तोच सर्वांत घट्ट बसला आहे, म्हणून आधी तो घेते. रेल्वेच्या जुन्या कागदपत्रांत 'कॅम्पूली' हे रूप आढळते, एवढे खरे आहे. पण इंग्रजांनी ठाण्याचे 'टाना' केले, शीवचे 'सायन' केले, वसईचे 'बसीन' केले. ती गावे काही इंग्रजी शब्दांवरून वसली नाहीत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये (कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता) या गावाची नोंद 'खोपिवली' या नावाने आहे. खोपिवली म्हटले की डोंबिवली, कांदिवली, बोरिवली ही सगळी भावंडे आठवावीत. तेवढे लांबही जायला नको, कर्जत-खोपोली लोकलमध्ये बसल्यावर पळसदरीनंतर केळवली आणि डोलवली ही स्थानके लागतात. तेथे कोणत्या साहेबाने कोणता कॅम्प टाकला होता, हे त्या मजकुराच्या लेखकाने सांगावे. 'खोपिवली' हा उच्चार साहेबाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने 'कॅम्पूली' केले. प्रवास या दिशेने झाला आहे, उलट दिशेने नाही.

निव्वळ जंगल होते हा दावा तर त्याच गॅझेटियरमधील त्याच नोंदीने निकालात निघतो, कारण तेथे नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्याचा आणि महादेवाच्या मंदिराचा उल्लेख आहे. नाना १८०० साली वारले आणि घाटातील रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या ज्या दगडी पायऱ्यांवर माझी मावशी लहानपणी पाय बुडवून बसत असे, त्या पायऱ्या रेल्वेपेक्षा अर्ध्या शतकाहून अधिक जुन्या आहेत. कोकणातून देशावर जाणारी बोरघाटाची वाट तर त्याहूनही कितीतरी पुरातन आहे, आणि १८३० साली त्या घाटातून गाडीरस्ताही झाला होता. अशा वाटेच्या पायथ्याशी गाव नसते तरच नवल.

मोजणी चुकल्याची गोष्ट रचणाऱ्याने नकाशा पाहिलेला दिसत नाही. खंडाळा खोपोलीच्या अगदी डोक्यावर आहे आणि अडचण तीच आहे. बोरघाटात रेल्वेला १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर चढायचे होते आणि सर्वांत तीव्र चढ ठेवला तो ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. हा चढ कोठेही न सोडता लावला तरी ५५८ गुणिले ३७, म्हणजे साडेवीस किलोमीटरांहून अधिक लांबी लागते. ती खोपोलीतून सरळ वर जाऊन मिळणे शक्य नव्हते, म्हणून चढणीचा मार्ग अलीकडे पळसदरीपासूनच फुटला आणि तो सुमारे २५ किलोमीटर लांबीचा झाला. तोपर्यंत प्रवासी खोळंबून राहू नयेत म्हणून १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आणली गेली. १८५८ साली खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाल्यावर प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीने, तट्टावर किंवा गाडीने घाट चढत आणि वर पुन्हा रेल्वेत बसत. १८६३ साली घाटमार्ग खुला झाला, खोपोलीचे महत्त्व ओसरले आणि तिच्या वाट्याला फाट्याचे स्थानक येऊन राहिले. गाव मागे पडले हे मला मान्य करावे लागते, पण ते कोणाच्या चुकीमुळे नव्हे.

टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. रेल्वे त्याच्या ५९ वर्षे आधी आली होती, त्यामुळे यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

शेवटच्या दाव्याचा मात्र मला मनापासून राग आला. डायनामाइटचे पेटंट १८६७ चे आहे आणि घाट १८६३ साली पुरा झाला होता. सुरुंग होते ते साध्या दारूचे. अ‍ॅलिस ट्रेडवेल ही बाई खरी आहे आणि तिचे कर्तृत्वही खरे आहे. तिचा नवरा सॉलोमन १८५९ साली कंत्राट घेऊन आला आणि काही आठवड्यांतच वारला, तेव्हा तिने ते कंत्राट सोडले नाही. पण तिने प्रत्यक्ष कामावर दोन अभियंते नेमले होते, आणि कडा फोडणारे हात तर त्या दोघांचेही नव्हते. १८६१ साली या घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तेथे मजुराला वरून दोराने खाली सोडत आणि तो तसाच लोंबकळत काळ्या कातळात सुरुंगाचे पहिले भोक पाडत असे. असे २५ बोगदे झाले. 'पळून गेले' म्हणणाऱ्याने हेही सांगायला हवे होते की १८५९ च्या जानेवारीत, आधीच्या कंत्राटदाराच्या काळात, मजुरी थकवल्यामुळे येथे मजुरांचा उद्रेक झाला होता, आणि त्यानंतर पटकीच्या साथीने त्यांच्या वस्त्यांमध्ये माणसे पटापट मेली. अ‍ॅलिसचे नाव आपल्याला माहीत आहे. दोराला लोंबकळणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या मजकुरात नाही, आणि ज्यांची नावे नाहीत त्यांनाच त्यात पळपुटे ठरवले आहे.