मशेरीने दात घट्ट होत नाहीत

सध्या फिरत असलेला मेसेज असा: दात दुखतोय, जागचा सरकतोय आणि डॉक्टरला एक्स-रेत काही दिसत नाही? मग दाताला कीडच आहे. रिंगणीच्या बियांची धुरी घ्या, किडे बाहेर पडतील. दात साफ करून घेऊ नका, सैल होतात. वरची दाढ काढू नका, नजर जाते. रोज मशेरी लावा, जुन्या बायकांचे दात त्यानेच टिकले.

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिच्या पुढच्या दोन दातांत फट वाढत चालली आहे, तिला मधुमेह आहे, आणि कष्टाने सोडलेली मशेरी तिने या मेसेजच्या भरवशावर पुन्हा सुरू केली. म्हणून राहवत नाही.

धुरीचं आधी संपवते. दातात अळ्या नसतात. प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच ही समजूत नाकारली होती. धुरीनंतर दिसणारे ‘किडे’ म्हणजे बिया तापून फुटल्यावर बाहेर पडलेले कोंब. नजरेचंही तेच. दृष्टीची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी. दाढ काढल्याने डोळे जात नाहीत.

दात साफ केल्यावर सैल वाटतात, हे मात्र खोटं नाही. हिरडीखाली साचलेलं किटण निघालं की फटी उघड्या पडतात, काही दिवस थंड-गरम झोंबतं. पण दाताभोवतीचं हाड त्याआधीच झिजलेलं असतं. किटणाच्या थराने ते झाकून ठेवलेलं होतं, इतकंच.

आता मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, कुटून पूड केली, तरी ती तंबाखूच आहे. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. उत्पादक कोर्टात गेले, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. तंबाखू दातांचं औषध असती तर ती दंतमंजनातून का काढावी लागली असती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. मशेरी त्यातच आली. ती लावल्यावर बरं वाटतं, कारण ठणका काही वेळ बधिर होतो आणि तलफही भागते. आत हिरडी मागे सरकत राहते, हाड झिजत राहतं आणि आधार सुटलेले दात पुढे कलतात, एकमेकांपासून लांब जातात. मावशीची फट बहुधा तशीच पडली असणार. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा हा आजार आणखी झपाट्याने वाढतो. मग ज्या बाईने पहिल्यांदा शुगर तपासायची, हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे ते मोजून घ्यायचं, तिच्या हातात तंबाखूची डबी देणाऱ्याला काय म्हणावं?

‘डॉक्टरला कारण सापडत नाही’ हे वाक्य लोकांना पटतं, कारण असं खरंच होतं. दाताची केसाएवढी चीर साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. चावताना, विशेषतः दाब सोडताना कळ आली तर तसं डॉक्टरांना मुद्दाम सांगावं. वरच्या दाढांची मुळं सायनसजवळ असतात, म्हणून सर्दीत त्या एकदम दुखतात. झोपेत दात करकरा खाणाऱ्यांचा जबडा सकाळी ठणकतो. तोंड धुताना, ब्रश लावताना विजेसारखी कळ जात असेल तर दुखणं चेहऱ्याच्या नसेचं असू शकतं. अशा माणसांनी एकामागून एक चांगले दात उपटून घेतले आहेत, आणि कळ तशीच राहिली आहे. कारण सापडलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं, हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जायचं. धुरी घ्यायची नाही.

दोन गोष्टींत तर एक दिवसही घालवू नये. दात सरकतोय आणि सोबत ओठ किंवा हनुवटी बधिर झाली आहे, तर जबड्यात गाठ आहे का ते स्कॅन करून पाहावंच लागतं. आणि जिना चढताना खालचा जबडा दुखतो, थांबलं की दुखायचा थांबतो, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं, मधुमेह असलेल्यांनी तर तसंच धरून चालावं. तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे न जाता त्याच दिवशी ईसीजी काढायचा. बसल्या जागी दुखू लागलं, घाम फुटला किंवा दम लागला, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.