रिकॉलचं पत्र हातात पडल्यावर

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांवरून दोन वाद हमखास रंगतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये चार्जर लावू द्यायचा की नाही, हा पहिला. दुसऱ्यात कुणीतरी ठासून सांगतं की अमेरिकेत कायद्याचा असा धाक आहे की दोष सापडला की कंपनी निमूटपणे गाडी दुरुस्त करून देते. पहिल्या वादात भीती वाजवीपेक्षा जास्त असते आणि दुसऱ्यात अमेरिकेवरचा विश्वास. जीपच्या प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही आणि प्लग लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणाऱ्या एसयूव्हींचं इथे अमेरिकेत काय झालं, ते दोन्ही बाजूंनी नीट पाहावं.

गाड्या दोन: रँग्लर ४एक्सई आणि ग्रँड चेरोकी ४एक्सई. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि जोडीला सॅमसंग एसडीआयच्या सेल्सची सुमारे १७ किलोवॉट-तासांची बॅटरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ३२,१२५ रँग्लर रिकॉल झाल्या, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने परत बोलावल्या. तोवर आगीच्या आठ घटना कंपनीच्या नोंदीत होत्या. २०२४ च्या शरद ऋतूत आकडा दीड लाखावर गेला आणि ग्रँड चेरोकीही यादीत आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३,२०,०६५ गाड्या. मालकांना सूचना तीच: चार्जिंग करू नका, गाडी घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर उभी करा.

पुन्हा पुन्हा तेच का घडलं? सेलच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. तो कारखान्यातच दुखावलेला असेल आणि सेलमध्ये इतर काही बिघाडांची भर पडली, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं, सेल तापतो आणि शेजारच्या सेल्सनाही पेटवतो. गाडी बंद करून उभी असतानाही हे होऊ शकतं. २०२४ चा उपाय म्हणजे बॅटरीच्या कंट्रोल मॉड्यूलचं सॉफ्टवेअर बदलायचं आणि त्यात खोट दिसली तरच बॅटरी बदलायची. पण सॉफ्टवेअरला कळतं ते व्होल्टेज आणि तापमान. पडद्यावरची जखम त्याला दिसत नाही, तिचा परिणाम मोजमापात उतरला तरच तिचा सुगावा लागतो. हा उपाय होऊन गेलेल्या काही गाड्यांनीही पुढे पेट घेतला, आणि २०२५ चा रिकॉल जाहीर करताना कंपनीकडे पक्का उपाय तयार नव्हता. माझ्या मते दुसऱ्याच रिकॉलमध्ये सेल्स बदलायला हवे होते. दोष सुमारे ५ टक्के गाड्यांत असावा, असा कंपनीचाच अंदाज होता. तो खरा धरला तरी आपली गाडी त्या पाचांत आहे की पंच्याण्णवांत, हे मालकाला कळायला मार्ग नव्हता.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी चार्जिंगची केबल नुसती बंद न करता सॉकेटमधून काढून ठेवावी आणि गाडीत लावलेलं चार्जिंगचं वेळापत्रक रद्द करावं. अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे ई-सेव्ह मोड. त्यात 'बॅटरी चार्ज' पर्याय निवडलेला असेल तर इंजिन चालता चालता बॅटरी भरत राहतं, म्हणजे केबल न लावताही चार्ज वाढतो. बॅटरी उतरलेली असताना धोका कमी असतो, असं कंपनीनेच सांगितलं आहे. तेव्हा हा पर्याय बंद ठेवून हायब्रिड मोडमध्ये गाडी चालवावी. पेट्रोल जास्त जाईल, त्याला इलाज नाही. विमा घेताना आगीचं नुकसान भरून देणारं कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर काढून टाकू नये. अपार्टमेंटच्या गॅरेजमध्ये जागा असेल तर व्यवस्थापनाला लेखी कळवून उघड्यावरची जागा मागावी.

आता हक्कांबद्दल. रिकॉलची दुरुस्ती फुकट, आणि ती गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत. फेडरल कायदा असंही सांगतो की दुरुस्तीसाठी आणलेली गाडी ६० दिवसांत नीट दुरुस्त झाली नाही, तर वाजवी मुदत टळली असं प्रथमदर्शनी मानलं जातं. मग कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा घसारा वजा करून पैसे परत करावेत. वाचायला हे भक्कम वाटतं. पण दुरुस्ती कधीपासून मिळेल ती तारीख कंपनीच पत्रात देते. उपायच तयार नसेल तर आधी नुसतं इशाऱ्याचं पत्र येतं, आणि मालक महिनोन् महिने चार्ज न करता येणाऱ्या गाडीचे हप्ते भरत राहतो. त्या काळात बदली गाडी देण्याची सक्ती फेडरल कायद्यात नाही. तरीही डीलरकडे लेखी मागावी, कारण मागितली तर कधी कधी मिळते.

म्हणून राज्याचा लेमन लॉ, म्हणजे सदोष निघालेल्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा बघायचा. न्यू जर्सीत दोन वर्षं किंवा २४,००० मैल, यांतलं जे आधी होईल तोवर उद्भवलेला दोष त्यात बसतो, आणि दुरुस्तीसाठी गाडी एकूण २० दिवस अडकून राहिली तर दावा उभा राहतो. इथे सगळी भिस्त कागदावर आहे. डीलरने फोनवर "पार्ट आला की कळवतो" म्हटलं तर त्याचा पुरावा उरत नाही. गाडी घेऊन जा, रिपेअर ऑर्डर उघडायला लावा, तीवर गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख, मीटरचं रीडिंग आणि तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. सोबत एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडेही ऑनलाइन तक्रार नोंदवा.

इथल्या मराठी मंडळींत गाड्या ओळखीपाळखीत विकल्या जातात, विशेषतः कुणी भारतात परतायला निघालं की घाईघाईने. रिकॉलची दुरुस्ती बाकी असलेली जुनी गाडी अशी विकायला फेडरल कायद्याची आडकाठी नाही. रिकॉलचं पत्र नोंदणीतल्या पत्त्यावर जातं, नव्या मालकाची नोंद व्हायच्या आत ते भलत्याच घरी पडलेलं असतं. पैसे देण्याआधी १७ अक्षरी व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून बघायला एक मिनिटही लागत नाही.

आता घरचा, म्हणजे भारतातला कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सक्तीच्या रिकॉलला १० लाख ते १ कोटी रुपये दंड. पण वर्षाला १०,००० पेक्षा जास्त खपणाऱ्या कारसाठी मालकांच्या तक्रारींचा उंबरठा १,२५० ठेवला आहे. चाचणी संस्था किंवा अन्य स्रोताकडून आलेल्या माहितीवरूनही सरकार पाऊल उचलू शकतं, तरी आगीसारख्या दोषाला हा आकडा मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत जीपचा पहिला रिकॉल आठ आगींवर निघाला होता. शिवाय नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू, आणि बॅटरीची वॉरंटी मात्र बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. हे उलटं आहे, बॅटरीपुरती तरी ही मुदत वाढवायलाच हवी. मार्च २०२२ मध्ये पुण्यात ओलाची स्कूटर पेटली, त्यानंतर कंपनीने १,४४१ स्कूटर स्वतःहून परत बोलावल्या. पण अशा स्वेच्छेच्या रिकॉलमध्ये दोष नेमका काय होता, तो कधी कळला, किती गाड्या खरोखर दुरुस्त झाल्या, याचा तारीखवार तपशील लोकांसमोर यायला हवा. अमेरिकेकडून उचलायचं असेल तर ते हे आहे. वरचे आकडे आणि दोषाचं कारण कंपनीला सरकारी नोंदीत मांडावं लागलं, म्हणून तर ते कुणालाही वाचता येतात.

रांजणगावात जुळणी होणाऱ्या रँग्लर आणि ग्रँड चेरोकीत हा बॅटरी पॅक नाही, त्या निव्वळ पेट्रोलवर चालतात, तेव्हा त्यांच्या मालकांनी घाबरू नये. तळघराचा वाद घालणाऱ्या सोसायट्यांनी सगळ्याच गाड्यांना सरसकट बंदी घालू नये. प्लग लागणाऱ्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर नोंदवून घ्यावा, रिकॉल जाहीर झाल्यास सभासदाने दोन दिवसांत कळवावं असा ठराव करावा, आणि दुरुस्ती झाल्याचा डीलरचा कागद येईपर्यंत ती एक गाडी वर उघड्यावर उभी करायला लावावी, चार्जिंग बंद ठेवून.