‘सगळे एकाच डब्यात भरा, डिपेंडन्सी संपली’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. लिनक्सवर लिबरऑफिससारखा मोठा ऑफिस-संच बसवणे म्हणजे डिपेंडन्सींच्या (एका प्रोग्रामला चालायला लागणाऱ्या इतर भागांच्या) जंजाळात पाय घालणे आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याचे मुद्दे पाच. एका ऑफिस-संचाचे इतके तुकडे करण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रोग्रामने आपल्या सगळ्या लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) सोबत आणल्या की डिपेंडन्सी हा प्रकारच उरत नाही. डिस्क स्वस्त झाल्याने त्याचा खर्चही शून्य. डिस्ट्रोकडून (डेबियन, उबुंटू यांसारख्या तयार लिनक्स-संचाकडून) मिळणारी आवृत्ती जुनी म्हणून असुरक्षित. आणि एक पॅकेज (प्रोग्रामचा बसवायचा गठ्ठा) काढायला जावे तर सगळा डेस्कटॉप उडतो. रामबागेतल्या एका वाचनालयातील दहा संगणकांची देखभाल मी करतो आणि त्या सर्वांवर डेबियन १२ आहे. वाचनालयाच्या चिटणीसांनी हाच संदेश मला पाठवून खाली विचारले, “अहो, हे असे असेल तर आपण एवढी यातायात कशाला करतो?” लिहिणाऱ्याचा वैताग खरा आहे, निदान मात्र बहुतांशी चुकलेले आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

तुकड्यांचा आक्षेप आधी घेऊ. डेबियनमध्ये लिबरऑफिसच्या एकाच सोर्समधून (मूळ कोडमधून) शंभराहून अधिक पॅकेजे तयार होतात हे खरे आहे. पण हा आकडा फुगतो तो मुख्यतः भाषांमुळे, कारण प्रत्येक भाषेतील मेनू आणि मदतीची पाने वेगळ्या पॅकेजात असतात, आणि ज्याला मराठी मेनू हवे आहेत त्याच्यावर फिनिश किंवा कोरियन लादण्याचे काही कारण नसते. बाकी राहतात ते रायटर (लेखन), कॅल्क (तक्ते), इम्प्रेस (सादरीकरण), ड्रॉ (चित्रे), बेस (डेटाबेस) आणि मॅथ (सूत्रे), त्यांच्याखालचा सामाईक गाभा, आणि डेस्कटॉपच्या जीटीके किंवा केडीई रूपाशी जुळवून घेणारे जोड. यातला बेस हा भाग पाहिला की फोड कशासाठी आहे ते कळते. बेसमधला एचएसक्यूएलडीबी हा अंतर्भूत डेटाबेस जावा या वेगळ्या सॉफ्टवेअरवर चालतो. आमच्या वाचनालयात पत्रे आणि याद्या होतात, बेस कोणी उघडत नाही. म्हणून तिथे बेसही नाही आणि त्याच्यासाठी जावाही नाही, आणि जी जावा बसवलीच नाही तिच्या सुरक्षेतल्या भोकांची चिंताही करावी लागत नाही. ज्याला हा विचार करायचा नसेल त्याच्यासाठी ‘लिबरऑफिस’ या एकाच नावाचे पॅकेज आहेच. ते आतून जवळजवळ रिकामे असते, त्यात फक्त बाकीच्या पॅकेजांची यादी असते. तुकडे आपापसांत विसंगत होतील ही भीतीही अनाठायी आहे, कारण रायटरच्या पॅकेजात गाभ्याची आवृत्ती ‘अमुक किंवा त्यापुढची’ अशी न मागता ‘नेमकी हीच’ अशी मागितलेली असते.

दुसरा मुद्दा संदेशाचा कणा आहे आणि तिथे थोडे थांबावे लागेल. डिपेंडन्सी अडते केव्हा, हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक जण कुठल्यातरी संकेतस्थळावरून एक डेब फाइल (डेबियन पद्धतीचे पॅकेज) उतरवतात आणि ती डीपीकेजी या अवजाराने बसवतात. डीपीकेजीचे काम हातातले पॅकेज उलगडून मांडणे एवढेच आहे. काय कमी आहे ते तो सांगतो, आणत नाही. आणण्याचे काम एपीटी या दुसऱ्या अवजाराचे, आणि ती तर १९९९ च्या डेबियन २.१ पासून हाताशी आहे. म्हणजे तक्रारीतला मोठा भाग चुकीचे अवजार उचलल्याचा आहे. उरलेला भाग मात्र खरा आहे. युनिकोड, वर्णक्रम आणि ओळ कुठे तोडायची याचे नियम सांभाळणारी आयसीयू ही लायब्ररी घ्या. मराठी यादी अकारविल्हे लावायची तर हिच्यावाचून फारसे चालत नाही. आयसीयूची प्रत्येक मोठी आवृत्ती आधीच्या आवृत्तीशी बायनरी पातळीवर (म्हणजे तयार बांधलेल्या प्रोग्रामसाठी) जुळत नाही, म्हणून पॅकेजाच्या नावातच तिचा क्रमांक येतो: डेबियन ११ मध्ये ६७, उबुंटू २२.०४ मध्ये ७०, डेबियन १२ मध्ये ७२. उबुंटू २२.०४ वर बांधलेली (कोडपासून तयार केलेली) आणि आयसीयू ७० मागणारी फाइल डेबियन १२ वर नेली की ती अडणारच. यात डिस्ट्रोची व्यवस्था मोडलेली नाही; एका घरासाठी शिवलेला पडदा दुसऱ्या घराच्या खिडकीला लावायचा प्रयत्न झाला आहे. डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारात (पॅकेजांच्या साठ्यात) आयसीयू बदलली की तिच्यावर टेकलेली सगळी पॅकेजे पुन्हा बांधली जातात, आणि हे कष्ट आपल्याला दिसत नाहीत म्हणून ते कोणी करतच नाही असे आपल्याला वाटते.

आता सगळे सोबत आणले तर काय होते? लिबरऑफिसच्या मूळ प्रकल्पाचे स्वतःचे डाउनलोड नेमके तसेच असते: आयसीयू, अक्षरजोडणी करणारी हार्फबझ, पायथन असे बरेच काही त्याच्या पोटात असते आणि ते सगळे ‘ऑप्ट’ या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. एकदा हौसेने मी ते डिस्ट्रोच्या लिबरऑफिसशेजारी बसवले. मेनूत दोन रायटर दिसू लागले, फाइलवर दोनदा टिचकी मारली की जुना उघडे, आणि आठवडाभर मी ‘नवी सोय कुठे गेली’ म्हणून शोधत बसलो. ती चूक सर्वस्वी माझी होती. पण डबा आणला म्हणजे घरातले बाकीचे सामान आपोआप जुळत नाही, एवढे त्यातून कळले.

शिवाय डबा पूर्ण बंद कधीच नसतो. ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये भरलेला प्रोग्राम) सर्वांत स्वयंपूर्ण मानली जाते, तरी ती यजमान संगणकाच्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीवर उभी असते. नव्या ग्लिबसीवर बांधलेली ॲपइमेज जुन्या संगणकावर चालत नाही, म्हणून जाणकार ती मुद्दाम जुन्या सिस्टिमवर बांधतात. उबुंटू २२.०४ मध्ये ॲपइमेज उघडायला लागणारी फ्यूजची दुसरी आवृत्ती आपोआप बसेनाशी झाली, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या ॲपइमेजही उघडेनात. फ्लॅटपॅक ही डब्यात भरून देण्याची दुसरी पद्धत; तिचे ॲप एका ‘रनटाइम’वर (सामाईक लायब्रऱ्यांच्या संचावर) टेकलेले असते; ते रनटाइम नियमाने नव्या आवृत्तीत येते, ठरावीक काळाने त्याचा सांभाळ थांबतो, आणि ॲप बांधणाऱ्याने वेळेवर पुढच्या रनटाइमवर उडी मारली नाही तर ते बेवारस होते. डिपेंडन्सी इथेही आहेच, फक्त दोनशे नावांच्या ऐवजी एका नावाने. विंडोजवाल्यांनी हसण्याचे कारण नाही. डीएलएल या विंडोजच्या लायब्रऱ्यांचा सावळागोंधळ त्यांच्या पिढीनेच भोगला आहे, आणि व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल या लायब्रऱ्यांच्या संचाच्या चार-पाच आवृत्त्या आजही बहुतेकांच्या संगणकात शेजारी शेजारी नांदत असतात.

मराठीपुरते आणखी एक. फाँट, टंकनाची सोय करणाऱ्या आयबसचा कीबोर्ड आणि प्रिंटर या डब्यात न मावणाऱ्या गोष्टी आहेत. फ्लॅटपॅकमधला रायटरही देवनागरी अक्षरे यजमानाच्याच फाँटमधून घेतो आणि टंकन यजमानाच्याच आयबसकडून. आपण देवनागरीचा योग्य फाँट बसवला नसेल, तर डबा कितीही भरलेला असला तरी पत्र वाकडेच दिसेल.

डिस्कबद्दल फार लिहायला नको. फ्लॅटपॅक एकसारख्या फाइली एकदाच साठवतो हे मान्य केले, तरी दोन ॲपना दोन वेगळी रनटाइमे लागली की बचत आटते. आमच्या संगणकांत चार-चार जीबी मेमरी आहे. सामाईक लायब्ररीचा कोड मेमरीत एकदाच चढतो आणि अनेक प्रोग्राम तोच वापरतात. डिस्कच्या भावाचा या हिशेबाशी संबंध नाही.

‘जुनी म्हणजे असुरक्षित’ हा चौथा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो आणि सर्वांत दिशाभूल करणारा आहे. डेबियन १२ मध्ये लिबरऑफिसची ७.४ ही मालिका आहे, जिच्याकडे मूळ प्रकल्पाने केव्हाच पाठ फिरवली. पण स्थिर डिस्ट्रोत आवृत्तीचा आकडा गोठवून सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या त्या जुन्या आवृत्तीत आणून लावल्या जातात, त्यामुळे केवळ आकड्यावरून भोक उघडे आहे की बुजले हे कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर भोक सापडले. ज्या प्रोग्रामनी सिस्टिमची लिबवेबपी वापरली होती त्यांच्यासाठी एक छोटे पॅकेज बदलले आणि काम झाले. ज्यांनी ती पोटात ठेवली होती त्या प्रत्येकाला स्वतंत्र आवृत्ती काढावी लागली: क्रोम, फायरफॉक्स, इलेक्ट्रॉन या तयार सांगाड्यावर बांधलेली कितीतरी ॲप, खुद्द लिबरऑफिसलाही ठरल्या वेळेआधी नव्या आवृत्त्या द्याव्या लागल्या. मोठ्या प्रकल्पांनी ते काही दिवसांत केले. लहान प्रकल्पांचे काय, हे तपासायचे तर प्रत्येक डबा उघडून पाहावा लागतो.

याची दुसरी बाजू लपवणे बरे नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला, आणि तो धोकादायक होता तो एक्सझेडची लायब्ररी अनेक ठिकाणी सामाईक वापरली जाते म्हणूनच. सामाईक गोष्ट बिघडली तर सगळ्यांची बिघडते. फक्त त्या वेळी नव्याच्या मागे धावणाऱ्या डिस्ट्रो अडचणीत आल्या आणि डेबियनची स्थिर आवृत्ती, तिच्याकडे जुने एक्सझेड असल्यामुळे, बाजूला राहिली. संदेशातल्या ‘जुनी म्हणजे असुरक्षित’ या वाक्याला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

डेस्कटॉप उडतो हा शेवटचा मुद्दा अर्धा मान्य. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीच्या चालकाने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे खेळांचे ॲप बसवताना, धोक्याची सूचना डावलून ‘होय, सांगतो तसे कर’ असे टाइप केले आणि डेस्कटॉप गमावला, हे लाखो लोकांनी पाहिले आहे. भांडारात त्या क्षणी पॅकेजांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, तो दोष पॅकेज बांधणाऱ्यांचाच. एपीटीने त्यानंतर असे घडणे अधिक अवघड केले. परंतु कॅल्क काढल्यावर ‘लिबरऑफिस’ हे नावही निघते, यात उडण्यासारखे काही नाही. ती यादी होती, यादीतला एक जिन्नस गेला म्हणून यादी रद्द झाली. रायटर जागेवरच असतो. त्यानंतर ‘ऑटोरिमूव्ह’ (आता लागत नसलेली पॅकेजे काढणारी आज्ञा) न वाचता चालवले तर मात्र तोही जाऊ शकतो, तेव्हा आधी रायटर स्वतः मागितल्याची खूण करून ठेवावी.

चिटणीसांना मी कळवले ते असे: दहापैकी नऊ संगणकांवर डिस्ट्रोचेच लिबरऑफिस राहील. हिशेब पाहणाऱ्या काकूंकडे बाहेरून नव्या धाटणीच्या एक्सेल फाइली येतात आणि जुन्या कॅल्कमध्ये त्यांची मांडणी बिघडते, म्हणून त्यांच्या संगणकावरून डिस्ट्रोचे लिबरऑफिस काढून फ्लॅटपॅकचे बसवले आहे, आणि ते एपीटीच्या अपडेटमध्ये येत नसल्याने दर सोमवारी वेगळे अपडेट करण्याची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे.