शिकवणारा कायम तिकडचाच का?

परदेशी विद्यापीठांशी चाललेल्या वैद्यकीय ‘सहकार्या’वरचा, सत्रांची यादी देणारा लेख वाचला. त्यातलं ‘परदेशी विद्यापीठांतले तज्ज्ञ व्हिडिओवरून व्याख्यानं देतात आणि गावाकडचे डॉक्टर अद्ययावत होतात’ हे वाक्य काही पटलं नाही. नुसत्या व्याख्यानाने कुणी अद्ययावत होत नाही. कॅमेरा बंद, आवाज म्यूट आणि समोर ओपीडीची रांग, असंच बहुतेक सत्रांना आम्ही ‘हजर’ असतो. प्रमाणपत्र मात्र संध्याकाळी मेलवर! अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट एको’ या व्हिडिओवरच्याच उपक्रमाची तऱ्हा मात्र वेगळी होती. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराचा रुग्ण सत्रात मांडायचा तो दूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने, आणि उपचारही त्यानेच करायचे. तज्ज्ञ फक्त सोबतीला. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा बरे होण्याचं प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के होतं, तर खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या केंद्रांवर ५८.२.

आणि शिकवणारा कायम तिकडचाच, हे ठरवलं कुणी? विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून दाखवलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, आणि ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. विंचू चावलेलं पोर घामाने निथळत, हातपाय गार पडलेल्या अवस्थेत रात्री दारात आणलं की आम्ही आजही तीच गोळी शोधतो. कोकणातला डॉक्टर बोलतोय आणि लंडनचे विद्यार्थी टिपणं काढताहेत, असं एखादं सत्र लेखातल्या यादीत दिसलं असतं तर ‘सहकार्य’ हा शब्द मान्य केला असता.