मारिओ पाच मिनिटांत संपवणं ही लबाडी नव्हे

आमच्या सदाशिव पेठेतल्या ग्रुपवर फिरतंय, की ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम पाच मिनिटांच्या आत संपवणारे कोड बदलतात, ३२ पैकी ८च लेव्हल खेळतात. आठ हे खरं, कोड बदलणं साफ खोटं. ‘एनी पर्सेंट’ प्रकारात, म्हणजे सगळ्या लेव्हल न खेळता गेम लवकरात लवकर संपवायच्या शर्यतीत, शॉर्टकटचे पाइप चालतात, भिंतीत शिरायचे ग्लिचही, म्हणजे गेममधल्या चुका. ते मूळ कॅसेटमध्येच आहेत. सगळ्या ३२ लेव्हलचा प्रकार वेगळा, त्याला साधारण १९ मिनिटं.

वेळ मोजणं थांबतं ते शेवटच्या लेव्हलच्या टोकाला असलेल्या कुऱ्हाडीला स्पर्श होताच. त्याआधीची प्रत्येक लेव्हल दर २१ फ्रेमच्या (पडद्यावरच्या एकेका चित्राच्या), म्हणजे सुमारे ०.३५ सेकंदाच्या ठोक्यावरच बदलते. अलका चौकात सिग्नल लाल असताना लवकर पोचून काय उपयोग, तसंच. तो एक ठोका वाचवायला लोक वर्षानुवर्षं घासतात. त्यांना लबाड म्हटलेलं मला खरंच लागतं.