दिवा लागला म्हणून ईसीएमचा बळी देऊ नका

सध्या गाडीच्या ईसीएमबद्दल (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल) एक मेसेज जोरात फिरतोय: ‘चेक इंजिनचा दिवा, झटके, घटलेलं अ‍ॅव्हरेज, चालता चालता बंद पडणं, ही लक्षणं दिसली की गाडीचा ईसीएम गेला समजा. अर्धा तास बॅटरीची वायर काढून ठेवा. तरीही फरक पडला नाही तर ईसीएम बदला.’ यावर विश्वास ठेवून लोक धडधाकट ईसीएम काढून टाकतात, म्हणून लिहितोय.

आधी दिवा. तो लावतो कोण? ईसीएमच. दिवा पेटला याचा अर्थ तो जागा आहे आणि कुठल्या तरी बिघाडाची तक्रार करतोय. संशय घ्यायचा तो उलट वेळी: चावी ऑन केली, दिवा लागलाच नाही आणि स्कॅनरही (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जोडला जात नाही. तेव्हासुद्धा फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंग आधी तपासा. करंटच पोचत नसेल तर ईसीएम बिचारा काय करणार?

झटके आणि अ‍ॅव्हरेज बहुतेक वेळा प्लग, कॉइल, इंजेक्टर नाहीतर हवेच्या गळतीवर येऊन थांबतात. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. ते जोरदार मिसफायरचं (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचं) लक्षण आहे, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो.

गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाली की चालू होते? ईसीएमच्या आतलं सोल्डर तडकलं तर असं होतं, हे मान्य. पण खराब क्रँक सेन्सरही (इंजिन किती फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) हुबेहूब असाच वागतो, आणि तो बदलणं कितीतरी सोपं.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले की भलेभले फसतात. अनेक सेन्सर ईसीएमकडून येणाऱ्या एकाच 5 व्होल्टच्या लाइनवर असतात. माझ्याकडच्या एका गाडीत त्या लाइनवर मीटर 0.8 व्होल्ट दाखवत होता. एकेक सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढत गेलो. एसीच्या प्रेशर सेन्सरचा कपलर निघाला आणि आकडा टुणकन 5 वर! म्हणजे तो एक सेन्सरच अख्खी लाइन खाली ओढत होता. त्या गाडीचा ईसीएम बदलायचं आधीच ठरलं होतं.

बॅटरीची वायर काढल्याने अनेक गाड्यांत कोड पुसले जातात, इंधनाबद्दल ईसीएमने शिकलेलं सगळंही जातं. बिघाड तिथेच राहतो, पुरावा तेवढा नाहीसा होतो.

ईसीएम खरोखर जातात. पी0601, पी0605, पी0606 हे कोड त्याच्या स्वतःच्या मेमरीबद्दल आणि प्रोसेसरबद्दल असतात. तरीही सेल्फ मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जात नाही ना, अर्थिंगवर 0.1 व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप (व्होल्टेजची घट) नाही ना, हे बघाच. मग ईसीएमचा कपलर काढून पिना पाहा: हिरवट गंज, पाण्याचे डाग. आतला ड्रायव्हर (कॉइल किंवा इंजेक्टर चालवणारं सर्किट) जळाला असेल तर नवा ईसीएम लावण्याआधी शॉर्ट झालेली कॉइल किंवा इंजेक्टर शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.